गळकी मेमरी आणि साडूभाऊ

संगणक सारखा अडकतोय म्हटल्यावर शहाण्या माणसाने आधी त्यावर येणारी सूचना वाचली असती. मी कल्याणहून आणखी मेमरी आणून बसवली. आधी तो चहाच्या वेळेला अडकायचा, आता जेवणानंतर अडकू लागला. एवढीच प्रगती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडला माझं लग्नपत्रिका जुळवायचं दुकान होतं. माझे जुने मराठी फॉन्ट नव्या संगणकावर चालेनात, म्हणून एका जाणकाराने एक सॉफ्टवेअर टाकून नव्याच्या पोटात जुना संगणक उभा करून दिला. आतल्याला लागेल तेवढी मेमरी बाहेरच्याने द्यायची, काम झालं की परत घ्यायची. पण सॉफ्टवेअरमध्येच खोट होती. आतून प्रिंटर जोडला की दर वेळी थोडी मेमरी जायची ती परत यायचीच नाही. गळत गळत शेवटी दोघेही आडवे. सूचनेत हेच होतं: ही सुरक्षेतली त्रुटी आहे, आत बसलेला कोणीही मुद्दाम असं करून सगळी मशीन बंद पाडू शकतो, दुरुस्ती बसवून घ्या. दुरुस्तीने फॉन्ट बिघडले तर काय, म्हणून मी रोज ‘नंतर’ दाबायचो. शिवाय मुरबाडात माझ्यावर हल्ला करायला येणार कोण?

टोकावड्याहून साडूभाऊ आले.

त्यांच्या मुलीचं लग्न. पत्रिका त्याच संध्याकाळच्या एसटीने घेऊन जा, असा शब्द बायकोने आपल्या थोरल्या बहिणीला दिला होता, मला न विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवून भाऊबंद बाकीच्या वाटायला मोटरसायकली काढणार होते.

साडूभाऊंचा पडद्यावर विश्वास नव्हता. प्रत्येक प्रूफ कागदावरच हवं. कागद हातात आला की घरी फोन लावायचे, आणि आणखी एखादा चुलता निघायचा.

‘‘धाकट्याचा नाव थोरल्याच्या वर कसा चालंल? खाली घ्या, नि परत काढून दाखवा.’’

दर प्रूफाला प्रिंटर जोडायचा, सोडायचा. हल्ला म्हणतात तो हाच, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. दुपारी मशीन बसली. चालू केली, चुलते पुन्हा जुळवले, पुन्हा बसली. मेमरी गळते हो, मी सांगितलं.

‘‘मंग आजून टाका ना,’’ साडूभाऊ शांतपणे म्हणाले.

हसायची सोय नव्हती. हा उपाय मी आधीच करून बसलो होतो.

जुळवलेलं छापायचं शेजारच्या छापखान्यात; त्याचं शटर पडलं आणि साडूभाऊ रिकाम्या हाताने एसटीत बसले. मग मी चिडून ती दुरुस्ती बसवली. कपातला चहा संपायच्या आत झाली. फॉन्टची एक वेलांटी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी छापून झाल्याबरोबर गठ्ठा मांडीवर घेऊन मी टोकावड्याला गेलो. देवळापुढे मोटरसायकली उन्हात तापत उभ्या होत्या. सगळे चुलते पत्रिकेतल्या क्रमाने बसलेले वाटले. पाणी विचारलं, चहा कोणी विचारला नाही.

घरी आलो तर बायकोने ताट वाढलेलंच होतं. बहिणीचा फोन येऊन गेला होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भात वाढून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘ताईला सांगितलंय, मशीन बिघडली होती. मशीन कधीपासून सांगत होती, ते नाय सांगितलं.’’