गिनीपिगचा वरचा मजला

उंदीर-घुशींशी आमच्या घराचं जुनं वैर आहे. आंबवड्याजवळ आमची भातशेती. वर्षाचं भात मधल्या खोलीत पोत्यांत राहतं आणि त्याची राखण करण्यात सासूबाईंचं सगळं आयुष्य गेलं. मांजरं, सापळे, गोळ्या, आणि वेळ पडली तर हातातला खराटा. अशा बाईच्या घरात माझ्या मुलीनं पुण्याहून दोन गिनीपिग आणले, भाजीच्या क्रेटमध्ये घालून. तिच्या घरमालकानं बजावलं होतं, एक तर हे राहतील नाहीतर तू. "पंधरा दिवस सांभाळ," असं मला सांगून ती बंगळूरला नोकरीवर गेली ती गेलीच.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी क्रेटमध्ये वाकून पाहिलं आणि विचारलं, "शेपूट कुठं गेलं ह्यांचं?"

यांना शेपूट नसतं, असं मी सांगितलं.

"म्हंजी बिनशेपटाची घूस. आता मारून फेकायला धरायची कशाला?"

मला त्यांचा लळा वगैरे लागला नव्हता. पण मी हो म्हटलं होतं. वेल्ह्याच्या वर डोंगरात माझं माहेर, शेळ्यांचं घर. जनावर एकदा दारात घेतलं की त्याला उपाशी आणि उघड्यावर ठेवायचं नाही, एवढं तिथं शिकले होते. शिवाय या घरात कुठला डबा कुठल्या फळीवर ठेवायचा हेसुद्धा चोवीस वर्षं आत्याच ठरवत आल्या होत्या. मधल्या खोलीच्या कोपऱ्यातला तो जाळीचा पिंजरा तेवढा मी ठरवलेल्या जागी होता.

दोन्ही नर. पावसाळाभर ठीक चाललं. मग मोठे झाले आणि भांडायला लागले. तपकिरी थोराड, तो गवतावर बसून राहायचा आणि पांढऱ्याला जवळ येऊ द्यायचा नाही. दात कडकड वाजवायचा. मुलीला फोनवर विचारलं, तर म्हणाली, त्यांना जागा पुरत नाही, पिंजरा दुप्पट कर. त्याच आठवड्यात भात कापणीला आलं आणि आत्यांनी उलटाच हुकूम काढला. पोती येणार, पिंजरा गोठ्यात न्या.

गोठ्यात बोका फिरतो, मागच्या गवतात मुंगूस आहे. सकाळी पिंजरा राहिला असता, आतले राहिले नसते. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे सल्ला दिला की आईचं ऐकून घे. मी ऐकून घेतलं आणि गोठ्यात नेणार नाही म्हणून सांगितलं. बरीच बोलाचाली झाली. शेवटी आत्या म्हणाल्या, "दोन पोत्यांची जागा दिली. त्यात माडी बांध न्हाईतर बंगला बांध. भात घरात येईस्तवर गुमान नांदली तर ऱ्हातील, न्हाई तर गोठा."

जमिनीवर वाढता येत नव्हतं, म्हणून मी वर बांधायचं ठरवलं. भोरहून सुतार बोलावू, असं हे म्हणाले. मी म्हटलं, करवत घरात आहे, हात मला आहेत. जुन्या बाजेचे पाय काढून चार खांब उभे केले, त्यांना जाळी ठोकली. वरची जमीन मात्र मी माझ्या वडिलांसारखी केली. डोंगरात पाऊस इतका की शेळ्या ओल्या जमिनीवर उभ्या केल्या तर खूर कुजतात. म्हणून त्यांना उंचावर माच बांधतात. फळ्यांच्या पट्ट्या, मधे बोटभर फट. लेंड्या खाली पडतात, वर कोरडं राहतं. लहानपणापासून पाहिलेलं काम, त्यामुळे मोजमाप करावं लागलं नाही. दोन तासांत माच तयार. पांढऱ्याला उचलून वर ठेवलं आणि मी समाधानानं शेतावर गेले.

संध्याकाळी येऊन पाहिलं तर वरच्याच्या सगळ्या लेंड्या खालच्याच्या गवतात आणि डोक्यावर. आणि पांढऱ्याचा मागचा पाय फटीत अडकलेला. किती वेळ ओढत होता कोण जाणे. पट्टी उचकटून पाय सोडवला, तो सुजला होता.

आत्या दारातून पाहत होत्या. "माच झ्याक झाली," म्हणाल्या. "आता धार कवा काढतीस?"

चूक माझी होती. सकाळी पांढऱ्याला कापडी पिशवीत घालून पहिल्या एसटीनं भोरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. माझ्या पुढं एक म्हैस होती, मागं दोन बोकड. डॉक्टर पिशवी उघडून हसले, पण पाय नीट चाचपून पाहिला. मोडला नव्हता. मी माचेचं सांगितल्यावर म्हणाले, "शेळीला खूर असतो, बाई. ह्याला तळवा आहे. जमीन सलग पाहिजे." हे मलाही कळायला हवं होतं. घरी येऊन माच तोडली आणि चुलीत घातली.

मोडक्या कपाटाचं दार होतं. ते कापून वर बसवलं, त्यावर रेक्झिन, कडेनं चार बोटं उंच पट्टी. चढायला एक फळी तिरकी लावली. ती फार उभी झाली, म्हणून काढून पिंजऱ्याच्या पूर्ण लांबीची लावली. पाय घसरू नये म्हणून तिच्यावर काठ्या ठोकल्या. वर ताजं गवत ठेवलं. दोघंही खाली उभे राहून गवतासाठी शिट्ट्या मारायचे, पण फळीवर पाय ठेवायचे नाहीत. तपकिरीनं एकदा ठेवला आणि तसाच मागं घेतला.

असे सहा दिवस गेले. तिकडं भाताची झोडणी सुरू झाली होती. आत्या रोज चहाचा कप घेऊन पिंजऱ्यासमोर यायच्या आणि विचारायच्या, "माडीवर कुणी भाडेकरू आला का?"

सातव्या दुपारी मी कामं टाकून जमिनीवर बसले आणि नुसतं पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की हे दोघं मधून कधी चालतच नाहीत. पाणी प्यायला जायचं तरी कडेकडेनं, जाळीला अंग घासत. माझ्या फळीला दोन्ही बाजूंनी काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी तो कठडा नसलेला पूल होता.

आडोसा कशाचा करायचा? नव्या भातासाठी आत्यांनी बारदानाचा गठ्ठा आणून ठेवला होता. मी त्यातलं वरचं पोतं ओढलं आणि कात्री लावली. आत्या समोरच तांदूळ निवडत होत्या.

"नवं हाय ते," त्या म्हणाल्या.

"व्हय. जुनं चालायचं न्हाई, ते धागे सोडतं."

"इचारायचंस तरी."

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणाला असता."

मी फळीच्या दोन्ही अंगांना बारदानाच्या वीतभर उंच भिंती ठोकल्या. सकाळी दुखऱ्या पायाचा पांढरा वर बसून गवत खात होता. तपकिरी खाली, आपल्या गवतावर. खाण्याच्या जागा दोन झाल्या, तशी भांडणं बंद झाली.

तीन दिवसांनी टेम्पोतून भात आलं. पोती भिंतीपासून थपीला लागत गेली, पिंजऱ्याच्या अगदी कडेपर्यंत, छातीइतकी. शेवटी एक पोतं उरलं. हमाली करून घामाघूम झालेले आमचे हे पिंजऱ्याकडे पाहायला लागले. आत्या तर आधीपासूनच पाहत होत्या.

"चार दिवस तेवढं गोठ्यात ठिवू," हे म्हणाले.

"न्हाई," मी म्हटलं. "दोन पोत्यांची जागा ठरली होती. मी तेवढीच घेतलीया. बाकी वर बांधलंय, ते कुणाच्या भाताच्या आड येत न्हाई. आन् दोघं गुमान नांदत्यात, आत्यांनी बघितलंय."

सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला. "नांदत्यात," एवढंच म्हणाल्या. पोत्याचं काय करायचं ते सांगितलं नाही.

मग मीच ते पोतं ओढत नेलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. दुसरीकडे जागाच नव्हती. आत-बाहेर करायचं कसं, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, अंग चोरून.

पोतं अजून तिथंच आहे. आत्या त्याला हात टेकून आत जातात, हे दर वेळी काहीतरी पुटपुटतात, मी भाकरीची परात डोक्याइतकी उंच धरून बाहेर येते. पिंजरा हलवा असं पुन्हा कुणी म्हटलेलं नाही. म्हटलं तरी हलणार नाही.