तो ड्रायव्हर सुधाकरचा होता

सुधाकर वारला. आता मी चोर आहे हे सांगायला हरकत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण मला अजून "कंपायलरवाले" म्हणून हाक मारतात. चिकलठाणा एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी कधीकाळी लई मोठं काम केलं, असं तुम्हाला वाटतं.

ते मी केलं नाही. सुधाकरनं केलं.

नव्वदीची सुरुवात होती. रोज कुठं ना कुठं नवीन शेड उभी राहायची. आम्ही मशीनवर बसणारी कंट्रोल कार्डं बनवायचो. प्रोग्राम लिहायचा, कंपाइल करायचा म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचा, चिपमध्ये भरायचा.

कंपाइल करायची कमांड cc पासून सुरू व्हायची आणि दीड ओळ लांब होती. लायब्ररी कुठली, मेमरीचा नकाशा कुठला, सुरुवातीची फाइल कुठली, सगळं दरवेळी हातानं टाइप करायचं.

एक अक्षर चुकलं की कार्ड ठार. मग चिप पुसा, परत भरा, अर्धा दिवस बोंबला.

मी वैतागून कीबोर्ड आपटायचो. सुधाकर शेजारी शांत बसलेला असायचा. पैठणहून रोज एसटीनं यायचा, उभ्यानं. तरी चेहऱ्यावर कधी त्रागा नाही.

एकदा म्हणाला, "आरं, cc म्हणजे कंपायलर नाय. तो ड्रायव्हर हाय. मुकादम समज. आत चौघं राबतेत, हा नुसता कुणाला काय द्यायचं ते सांगतो."

"मग?"

"मग आपण मुकादमालाच शिकवू की. त्याची एक फाइल असती, तीत सगळं लिहून ठिवायचं."

तीन आठवडे तो त्या फाइलीत डोकं घालून बसला. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा.

आणि मग एक दिवस मला म्हणाला, "आता नुसतं cc लिही आन् फाइलचं नाव दे."

दिलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागला. पहिल्याच झटक्यात!

आत काय चाललंय ते बघायचं असेल तर पुढं -v लावायचं. मग ड्रायव्हर कुणाला बोलावतो, काय देतो, सगळं ओळीनं दिसायचं. त्यात सगळ्यात वर सुधाकरनं एक ओळ टाकली होती. हे कुणी बसवलं त्याचं नाव. स्वतःचं. आडनावासकट.

ते आडनाव वाचून ज्याला जे ओळखायचं ते तो ओळखायचा.

तेव्हाच विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव पेटलेलं होतं. आपण सगळ्यांनीच ते दिवस पाहिलेत. एसटी बंद झाली. सुधाकर चार दिवस पैठणलाच अडकला.

आणि नेमकी त्याच चार दिवसांत पुण्याची पार्टी सिस्टिम बघायला येणार होती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ते वरचं नाव काढा."

"का, सर?"

"वातावरण बघताय ना बाहेर? कशाला उगीच विषय? तुमचं टाका. दाखवणार तर तुम्हीच आहात."

मी भांडलो नाही. साधं "सुधाकरला विचारतो" एवढंही म्हणालो नाही. दोन मिनिटांचं काम होतं. केलं.

पार्टी खूश झाली. माझ्याशी हात मिळवले. मला बरं वाटलं. हो, वाटलं बरं, खोटं कशाला बोलू.

सुधाकर पाचव्या दिवशी आला. बसला, -v लावलं, वरची ओळ वाचली.

मी घाईघाईनं म्हणालो, "साहेबांनी सांगितलं रे. तात्पुरतं आहे."

"व्हय," म्हणाला. "तात्पुरतंच आसंल."

मग थोड्या वेळानं, "खालच्या सेटिंगला हात नाय ना लावला?"

"नाही."

"मग चालू दे."

त्याला कामाची काळजी होती. आणि मी? मी ती ओळ परत बदलली नाही. उद्या करू, परवा करू. तेवढ्यात मला ट्रेनिंगला बंगलोरला पाठवलं. त्याला स्टोअरला टाकलं. वर्षभरात त्यानं नोकरी सोडली आणि पैठणला टायपिंगचे क्लास काढले.

त्यानंतर आम्ही लग्नाकार्यात भेटायचो. दरवेळी मी ठरवून जायचो, आज माफी मागायची. दरवेळी तोच आधी विचारायचा, "काय म्हणतंय काम?" आणि मी कामाचंच सांगत बसायचो. तीस वर्षं!

आज पैठणला त्याचा अंत्यविधी झाला. त्रिशरण झालं, लोक पांगले. त्याची मुलगी माझ्याजवळ आली. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

म्हणाली, "काका, बाबा नेहमी तुमचं नाव घ्यायचे. तो ड्रायव्हर तुम्ही लिहिला होता ना? ते म्हणायचे, आम्ही बसून नुसतं बघायचो. तुमचं ऐकून ऐकूनच मी या लाइनीत आले."

त्यानं स्वतःच्या पोरीलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

मला सांभाळून घेतलं की माझं तोंड कायमचं बंद केलं? आता विचारू कुणाला?

ती माझ्याकडं बघत उभी होती. रडून डोळे सुजलेले. मी एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक.

मी म्हणालो, "हो बेटा."

तिनं हात जोडले.

ती फेसबुकवर नाही. म्हणूनच हे सगळं इथं लिहायची हिंमत झाली, हेही खरं. "तिला पाठव" असं खाली कुणी लिहू नका. मी पाठवणार नाही. मी मला ओळखतो.

सुधाकर, श्रद्धांजली.

आधी "भावपूर्ण" लिहिलं होतं. खोडलं.