लिपोलासच्या वाट्याचा माणूस

मोक्रावा गावातल्या बेघरांच्या निवाऱ्यात लुत्सियान पोक्शिव्हाला सगळे मिस्त्रीच म्हणत. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत फरशीच्या शेगड्या बांधल्या होत्या, माणसाच्या डोक्याहून उंच, हिवाळाभर घर उबदार ठेवणाऱ्या. आता तशा शेगड्या कोणी बांधून घेत नव्हतं, आणि त्याच्या गुडघ्यांनीही हात टेकले होते. तरी कुठल्याही खोलीत शिरला की मिस्त्री आधी कोपरा न्याहाळायचा. इथे शेगडी बसवली असती तर धूर कुठून बाहेर काढला असता, हा विचार त्याच्या मनात आल्याशिवाय राहत नसे.

वय त्रेसष्ट. रोज दाढी करायचा. खाटेवरची चादर इतकी ताणून घालायचा की शेजारच्या खाटेवरचा कोस्तेक म्हणायचा, "मिस्त्री, हिच्यावर झोपता की हिची पूजा करता?"

दारू सोडून त्याला नऊ वर्षं झाली होती, पण संसार त्याच्या कितीतरी आधीच मोडला होता. घर बायकोचं, लिपोलास गावातलं. तो बाहेर पडला त्याच आठवड्यात तिने पालिकेत जाऊन त्या पत्त्यावरून त्याचं नाव काढून टाकलं. पुढची एकोणीस वर्षं मिस्त्री जिथे काम तिथे राहिला. कायमचा पत्ता म्हणून कुठल्याच घरमालकाने त्याचं नाव लावून घेतलं नाही. एकदा नाव लागलं की भाडेकरू उठता उठत नाही, ही त्या देशातल्या घरमालकांची जुनी भीती. त्यामुळे कागदोपत्री मिस्त्री अजून लिपोलासचाच होता, जरी त्या गावात त्याने इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

याला महत्त्व यासाठी की बेघर माणसाचा खर्च तो जिथे झोपतो त्या गावावर पडत नसे. त्याचा शेवटचा कायमचा पत्ता ज्या गावचा, त्या गावाने तो उचलायचा. निवाऱ्यात चोवीस माणसं होती आणि त्यांना अकरा पालिका वाटून घेत होत्या. मोक्रावाची पालिका पत्र पाठवायची, लिपोलासची पालिका पैसे पाठवायची, आणि मिस्त्रीच्या ताटलीत सूप पडायचं. दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

मार्चमध्ये निवारा चालवणाऱ्या ब्रोन्याबाईंनी त्याला खोलीत बोलावलं.

"मिस्त्री, बसा. लिपोलासचं पत्र आलंय."

"मी उभाच बरा. बसलो की उठायला दोन माणसं लागतात."

"बसा म्हणते ना. त्यांनी देंबिनाच्या निवाऱ्याशी करार केलाय. इथून पुढे त्यांची सगळी माणसं तिकडे. एक तारखेपासून इथला खर्च ते देणार नाहीत."

"देंबिना म्हणजे ते जंगलातलं?"

"दोनशे किलोमीटर. निवारा चांगला आहे म्हणतात."

"बाई, मला इथेच राहायचंय. हवं तर जिन्याखाली झोपतो."

"जिन्याखाली झोपलात तरी कोणाच्या तरी वाट्याला येणारच तुम्ही. मोक्रावा म्हणेल, हा आमचा नाही." ब्रोन्याबाईंनी चष्मा काढून पुसला. "एकच वाट आहे. जवळचं माणूस याच गावात असेल आणि जाणं-येणं असेल, तर लिपोलासला इथलाच खर्च द्यावा लागतो. आहे का तुमचं कोणी?"

मिस्त्री खुर्चीवर बसला. दर रविवारी बाहेर जाताना दारावरच्या वहीत तो 'फिरायला' असं लिहायचा.

"मुलगी आहे," तो शेवटी म्हणाला. "नात आहे पाच वर्षांची. रविवारी जेवायला जातो."

"दोन वर्षं झाली की हो! आणि आज सांगताय?"

"तिला वाटतं मी एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहतो."

ब्रोन्याबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मी कळवलं की लिपोलासवाले तिला फोन करतील. त्याआधी तुम्ही सांगा."

मिस्त्री मुलीसाठीच तर या गावात आला होता. माल्विनाने दार उघडलं, जेवायला वाढलं आणि जुनं काही काढलं नाही. तो निवाऱ्यात राहतो हे तिला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी स्वयंपाकघरात त्याची खाट घातली असती. दोन खोल्या, चौथा मजला, पाठीचं ऑपरेशन झालेला नवरा, पाच महिने कामावर न गेलेला. तिला नाही म्हणता येत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो ती विधवा बाई सांभाळून होता.

रविवारी सांगायचं असं ठरवून तो गेला. कोंबडीचं सूप झालं, शेवया झाल्या, जावई राडेक पाठीला उशी लावून पलंगावर आडवा झाला. इदाने आजोबांच्या गुडघ्यावर कागदी होडी ठेवली आणि ती आत पळाली. माल्विना ताटल्या उचलता उचलता हळूच म्हणाली,

"बाबा, तुम्ही काही भानगड केलीय का?"

"मी? कसली?"

"गुरुवारी फोन आला होता. लिपोलासच्या पालिकेतून. बाई अगदी गोड बोलत होती. वडील भेटतात का, किती वेळा येतात, संबंध कसे आहेत." ती हसली. "मी म्हटलं, कुठले वडील? आठ वर्षांत तोंड पाहिलेलं नाही. कुठे असतात कोण जाणे. काय, बरोबर केलं ना?"

मिस्त्रीने होडी उचलून टेबलावर ठेवली.

तिची चूक नव्हती. मिस्त्री पीत होता तेव्हा उधारीवाले आणि वसुलीवाले लिपोलासच्या घरी यायचे. आई दारामागे उभी राहायची आणि सहा वर्षांच्या माल्विनाला पुढे करायची. बाबा इथे राहत नाहीत, कुठे गेले माहीत नाही. त्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ होतं, आणि माल्विना त्यांत सगळ्यांत हुशार. बाप खाटेखाली पडून ऐकायचा आणि त्याला तिचं कौतुक वाटायचं. त्याचा बचाव करायची तिला तेवढीच एक रीत माहीत होती, आणि गुरुवारी तिने तीच वापरली.

मग त्याने सांगितलं. निवारा, पत्र, देंबिना, सगळं.

"आणि त्या बाईंची खोली?" माल्विनाचा आवाज चिरका झाला. "पिवळे पडदे आहेत म्हणालात!"

"आहेत ना पिवळे पडदे. निवाऱ्यात."

"हसू नका! दोन वर्षं माझ्यासमोर बसून…" ताटली तिच्या हातातून जवळजवळ निसटलीच. आतून राडेकने विचारलं, काय झालं. "काही नाही!" ती ओरडली. मग खुर्चीवर बसली. "उद्या सुट्टी टाकते. त्या ऑफिसात जाऊ. मी खोटं बोलले असं लिहून देते. झालं."

सोमवारी दोघं मोक्रावाच्या समाजकल्याण कचेरीत गेले. कारकून तरुण होता, सर्दीने बेजार, पण माणूस भला.

"दुरुस्ती करता येते," तो म्हणाला. "इथे लिहा, संबंध जवळचे, भेट दर आठवड्याला. म्हणजे वडील मोक्रावात राहतील."

माल्विनाने पेन घेतलं.

"मात्र मागचं पानही भरावं लागेल. संबंध जवळचे असतील तर आधी खर्चातलं मुलीने किती उचलायचं ते ठरतं. उरलेलं लिपोलास देईल. घरात कमावतं कोण, आजारी कोण, सगळं लिहायचं. आणि वडिलांना घरी का ठेवत नाही, त्याचं कारण. चार ओळी पुरतील."

"का ठेवत नाही?"

"असा रकाना आहे, बाई. मी नाही काढलेला."

तिने पान उलटलं. 'दोन खोल्या' असं लिहिलं आणि ती थांबली. मिस्त्री तिच्या मानेकडे बघत होता. लहानपणी गणित अडलं की तिची मान अशीच एका बाजूला झुकायची. आता ती काय करणार ते त्याला दिसत होतं. ते कारण लिहायला तिचा हात धजणार नाही. दोन शब्द खोडेल आणि म्हणेल, चला बाबा, घरी. मग स्वयंपाकघरात खाट, राडेकची चिडचिड, इदाच्या दूध-खेळण्यांत काटकसर, आणि रविवारची पाहुणचाराची ताटली आठवड्याच्या सातही दिवसांची होईल. नाहीतर ती खरं कारण लिहील, आणि ते सरकारी कागदावर राहील, तिच्या अक्षरात.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "मुलगी फोनवर बोलली तेच खरं."

"म्हणजे?"

"आमचं जाणं-येणं नाही."

कारकुनाने दोघांकडे पाहिलं. "तुम्ही बरोबर आलात ना आत्ता?"

"जिन्यात गाठ पडली."

"बाबा!" माल्विना म्हणाली.

या एका हाकेने सगळं उघडं पडत होतं. कारकुनाने रुमाल काढला, बराच वेळ नाक पुसलं आणि काही ऐकू न आल्यासारखा खण उघडला. तिने अर्धा लिहिलेला कागद त्याने अलगद ओढून घेतला आणि देंबिनाचा अर्ज मिस्त्रीपुढे सरकवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं बोलायला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी लिहीतच होते ना?"

"लिहीत नव्हतीस. अडली होतीस."

"अडले होते, थांबले नव्हते!"

"माल्विना, तिथून बस आहे. महिन्यातून एकदा येता येईल."

"त्या गुडघ्यांनी? दोन गाड्या बदलून?" गुडघ्यांबद्दल ती म्हणाली ते खरंच होतं.

मिस्त्री अर्ज भरत गेला. नाव, जन्मतारीख, शेवटचा कायमचा पत्ता लिपोलास. तळाशी एक ओळ होती: काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावं, नाव आणि नातं. तिथे पेन अडलं.

"लिहा ना माझं नाव," माल्विना म्हणाली.

"कसं लिहू? आत्ताच सांगितलं ना यांना."

कारकून खाली बघून म्हणाला, "रिकामं सोडता येत नाही. कोणी नसेल तर आडवी रेघ मारायची."

माल्विनाने बापाच्या कोटाची बाही धरली होती, पेनाच्याच हाताची. मिस्त्री ती सुटायची वाट बघत राहिला. मागे रांगेत कोणीतरी खोकलं. मग बाही सुटली, आणि मिस्त्रीने रेघ मारली.