तीन गाठींचा टाका

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरची नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. माझ्याकडचे पंच्याहत्तर-शहात्तर सालचे, बदनापूरजवळच्या दवाखान्यातले. बहुतेक जेवताना सांगू नयेत असे!

*

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी एकदम सहा कोंबडे आले. रजिस्टरमध्ये सगळ्यांचं कारण एकच, 'कुत्रं चावलं'.

डॉक्टरांनी सरळ कापलेल्या जखमा पाहिल्या आणि म्हणाले, "कुत्र्यानं सुरी कुठून आणली?"

झुंजीआधी कोंबड्यांच्या पायाला पातं बांधतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

*

एकानं मेंढ्यांच्या टकरीसाठी आपल्या एडक्याला दारू पाजली. एडका शुद्धीवर येईना, मालकाला उभं राहता येईना.

"एडक्याला कशाला पाजली?" डॉक्टर ओरडले.

"एकट्यानं कशी प्यावी, साहेब!"

एडका संध्याकाळी मेला. मालक दारातच बसून रडत होता. मला त्याची दया आली नाही.

*

राजूरकडचे आप्पा मात्र वेगळे. झुंजीत त्यांच्या कोंबड्याच्या, 'राजा'च्या, गळ्यात रक्त साकळलं, तेव्हा त्यांनी त्याची चोच तोंडात धरून ते ओढून काढलं आणि थुंकले.

सोबत आलेली त्यांची बायको म्हणाली, "पोरगं तापानं फणफणलं तवा यांनी हातबी लावला न्हाई!"

*

राजाची छाती फाटलेली. डॉक्टर अडून बसले.

"तुम्ही लढवणार, मी शिवून देणार. मग मीही तुमच्याच खेळातला झालो की!"

"साहेब, तुमी कोंबडी खाता का न्हाई?"

"खातो."

"मंग? तुमची बांधून कापत्यात. माझा लढून मरतो."

डॉक्टरांनी सुई उचलली. शेवटी म्हणाले, "पुन्हा लढवणार नाही अशी शपथ घ्या."

"गणपतीची शपथ! बिलकुल न्हाई लढवणार."

डॉक्टरांनी काळ्या रेशमानं आत खोल टाका घातला. एका टाक्याला ते तीन गाठी मारत. दुसरा कुणी डॉक्टर तीन मारताना मी पाहिला नाही.

*

महिन्यानं एक अनोळखी माणूस दुपारी डबा घेऊन आला. डॉक्टरांनी त्याची म्हैस वाचवली होती.

"काल आमचा कोंबडा जिंकला, साहेब! हरलेला जिंकणाऱ्याला मिळतो, रिवाजच हाय. तुमचा वाटा आणलाय. गरम हाय, जल्दी खाऊन घ्या."

तो गेला. आम्ही दोघं जेवायला बसलो. रस्सा झणझणीत होता. तिसऱ्या घासाला डॉक्टर थांबले. तोंडातून बोटानं काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

काळा दोरा होता.

"माझा चष्मा आत राहिलाय," ते म्हणाले. "गाठी किती आहेत, बघ बरं."

मी वाकून पाहिलं.

"तीन, साहेब."