कर्नल घाबरला त्याची तक्रार

कुसुमताई टिपणिसांनी पहिली लेखी तक्रार केली ती नवव्या वर्षी, शाळेच्या घंटेविरुद्ध. घंटा दोन मिनिटं लवकर वाजते, असं त्यांनी मोठ्या बाईंना कळवलं. खाली सही आणि तारीख. पुढे त्यांनी नळाबद्दल, रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल, टोपी बाजारातल्या घराखाली कर्णा लावणाऱ्या दुकानदाराबद्दल तक्रारी केल्या. एकदा तर एका ज्योतिषाबद्दलही केली, कारण ग्रहण त्यानं सांगितलेल्या वेळी लागलं नव्हतं. उत्तर क्वचितच यायचं. त्यावाचून ताईंचं काही अडत नसे. तक्रार पाठवली, प्रत फायलीला लावली, की त्यांना दोन घास जास्त जात.

नोकरीही त्यांना शोभेशीच मिळाली होती. ग्वाल्हेरच्या विहीर-बावडी नोंदणी कार्यालयात त्या सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळत होत्या. कुठल्या गावात कुठली विहीर, पाणी किती हात, कठडा आहे की पडला, हे सगळं त्यांच्या रजिस्टरात होतं. मग दोन हजार सालच्या नोव्हेंबरात राज्याचे दोन भाग झाले. पूर्वेकडच्या विहिरींच्या फायली ट्रकात भरून रायपूरला गेल्या. विहिरी अर्थात जागच्या जागीच राहिल्या. उरलेलं ऑफिस एवढंसं झालं, की वरून हुकूम आला : याचं हातपंप निरीक्षण कार्यालयात विलीनीकरण करा.

विहीरवाले आणि पंपवाले एकाच हॉलमध्ये आले आणि मध्ये कपाटांची रांग उभी राहिली. विहीरवाल्यांच्या मते हातपंप ही प्लंबरची बाब, सरकारनं तिकडे लक्षच देऊ नये. पंपवाल्यांच्या मते विहीर म्हणजे बेडकांची वसाहत. पंपांच्या बाजूचे मुख्य होते रमाकांत. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत नेऊन सोडायची त्यांना सवय होती. त्यांचं आणि ताईंचं पहिल्याच दिवशी पंख्यावरून वाजलं.

दोघांत एकच कॉम्प्युटर. साहेब संभाजीराव, घराणं फौजेतलं, मिशा अजूनही फौजेतल्या. त्यांनी त्यावर मशीन चालवणारी ओटर नावाची प्रणाली घालून घेतली होती. ही प्रणाली जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून बनवतात आणि कुणालाही नुसती देऊन टाकतात, असं ऐकल्यावर पंपवाल्यांना त्यात काहीतरी गोम आहे असंच वाटलं. मशीन सुरू केलं की पडद्यावर पाणमांजराचं चित्र येई. ते मुंगूस आहे असं ऑफिसनं एकमतानं ठरवलं. विलीनीकरणानंतरचं ते पहिलं एकमत.

दहाव्या दिवशी मुंगूस गेलं. पडदा काळा झाला, त्यावर आकड्यांच्या चौदा ओळी उमटल्या, आणि सगळ्यात खाली इंग्रजीत एक वाक्य. रमाकांतांनी ते मोठ्यानं वाचलं आणि साहेबांच्या खोलीकडे धावले.

"साहेब, मशीनवर आलंय, कर्नल घबरा गया!"

"कोणता कर्नल?"

"आतला. अंदरवाला."

संभाजीराव उभे राहिले. "रमाकांत, कर्नल घाबरत नसतो. आमच्या घरात तीन झालेत."

पण पडद्यावर तर स्पष्ट लिहिलेलं. साहेबांनी दोन तास विचार केला आणि मुरारला राहणाऱ्या चुलतभावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी निवृत्त कर्नल मानसिंगराव काठी घेऊन हजर झाले. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, चष्मा लावला, पडदा वाचला.

"याचं स्पेलिंग वेगळं आहे," ते म्हणाले. "हा कर्नल म्हणजे बीच्या आतला गर." मग त्यांनी प्रणालीसोबत आलेली पुस्तिका चाळली. "हं. प्रणालीचा गाभा. कळफलक, प्रिंटर, पडदा, सगळ्यांना काम वाटून देणारा."

"म्हणजे बडे बाबू," ताई म्हणाल्या.

"तसंच. पण घाबरलाय तर कारण असणार. घटनेच्या वेळी ड्यूटीवर कोण होतं?"

सगळ्यांनी रमाकांतांकडे पाहिलं. रमाकांतांनी छताकडे पाहिलं. "मी तर पंपांची यादी छापत होतो. इसमें मेरी क्या गलती?"

ताईंनी मात्र तोवर रजिस्टर उघडलं होतं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की काही बिघाड आढळल्यास या पत्त्यावर कळवा. तक्रारीसाठी कुणी स्वतःहून पत्ता दिलेला ताई आयुष्यात पहिल्यांदा पाहत होत्या. त्यांनी चौदाच्या चौदा ओळी हातानं उतरवून घेतल्या, शून्यं पुन्हा मोजली, आणि संध्याकाळी नई सडकवरच्या सायबर कॅफेत जाऊन पत्र टाइप केलं. सरकारी इंग्रजी त्यांना तोंडपाठ होतं. विषय : यंत्र अकस्मात मृत होणेबाबत. संदर्भ : यापूर्वी पत्रव्यवहार नाही. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर उत्तर तीन तासांतच येऊन पडलं होतं. ताईंनी वेळ दोनदा तपासली. हंगेरीतले फेरेन्त्स नावाचे गृहस्थ लिहीत होते : एवढ्या सुवाच्य ओळी आजवर कुणी पाठवल्या नव्हत्या, आभार. बिघाड झाला तेव्हा मशीनवर काय काय चाललं होतं? आणि तो पुन्हा घडवून आणता येईल का?

"घ्या!" ताई ऑफिसात म्हणाल्या. "नळ बंद आहे म्हटलं, तर नळवाल्यांनी कधी म्हटलंय का, की पुन्हा बंद करून दाखवा?"

पण प्रश्न लेखी विचारला होता, म्हणजे लेखी उत्तर देणं भाग. ताईंनी नवीन रजिस्टर आखलं. तारीख, वेळ, हवामान, वीज, मशीनवर कोण, काय छापत होते, शेरा. महिन्याभरात मुंगूस सतरा वेळा गेलं आणि सतराही नोंदी ताईंनी हंगेरीला पाठवल्या. त्या पत्त्यावर आलेली पत्रं देशोदेशीची माणसं वाचत असत. ब्राझीलच्या एकानं विचारलं, हवामानाचा रकाना कशाला? ताईंनी कळवलं : असू द्यावा.

रजिस्टर बोलू लागलं. सतराही वेळा दुपारी दोन दहा ते दोन चाळीस. सतराही वेळा प्रिंटर चालू. सतराही वेळा रमाकांत.

"म्हणजे मी काय अपशकुनी आहे?" रमाकांत उखडले. "ताई, आप तो पंपवालों के पीछे ही पड़ गईं!"

अठराव्या खेपेला ताई दोन वाजताच कपाटांच्या रांगेमागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन कपाटांमध्ये चार बोटांची फट होती. रमाकांतांनी तीनशे बारा पंपांची यादी छापायला लावली. प्रिंटर करकरू लागला. रमाकांतांनी डबा बंद केला, चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि उजवा गाल हळूच कळफलकावर टेकवला. दोन मिनिटांत घोरायला लागले. दोन सव्वीसला प्रिंटर 'पिपरौली' या शब्दातल्या दुसऱ्या अक्षरावर अडकला. पडदा काळा झाला. रमाकांत घोरतच होते.

ताईंनी आधी वेळ लिहिली, मग त्यांना उठवलं.

ही गोष्ट परदेशात कशी कळवायची, याचा त्यांनी रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला. शेवटी लिहिलं : संबंधित कर्मचारी उक्त कालावधीत कळफलकावर गाल ठेवून विश्रांती घेतात. फेरेन्त्सनं जराही न हसता, निदान लेखी तरी न हसता, विचारलं : गालाखाली नेमकी कोणती बटणं येतात?

आधी त्यांनी रमाकांतांशिवाय काम भागतं का ते पाहिलं. कळफलकावर पेपरवेट ठेवला. काही नाही. शब्दकोश ठेवला. काही नाही. तिळगुळाच्या गजकाचा भरलेला डबा ठेवला. तो संध्याकाळपर्यंत रिकामा झाला, पण मशीन खणखणीत. गाल तो गालच. तेव्हा संभाजीरावांनी रीतसर आदेश काढला, की श्री. रमाकांत यांनी तपासणीकामी रोज दोन दहा ते दोन चाळीस कार्यालयात झोपावे.

आणि रमाकांतांची झोप उडाली. पहिल्या दिवशी ते अर्धा तास डोळे मिटून पडले आणि उठून म्हणाले, पंखा आवाज करतोय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सगळे बघत राहिलेत. तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले. "ऑर्डर से नींद थोड़ी आती है, साहेब! तेवीस वर्षं चोरून झोपलो, कधी तकलीफ नाही झाली."

साहेबांनी मुरारला फोन लावला. कर्नल मानसिंगराव आले, खुर्ची ओढून बसले, आणि एका पलटणीला एका वर्षात किती चपात्या लागतात आणि त्यासाठी पीठ कुठून कसं आणतात, ते सांगू लागले. खेचरांपर्यंत पोचायच्या आतच रमाकांत गेले. दोन विहीरवालेही गेले. सात मिनिटांनी मशीनही गेलं.

ताई तयारच होत्या. त्यांनी रमाकांतांना उठवून "हलू नका" म्हणून बजावलं आणि पट्टी घेऊन गालावरचे वळ मोजले. पाच चौकोन होते, त्यातले चार स्पष्ट. वळ कळफलकाशी ताडून पाहिले : उजवीकडची आकड्यांची बटणं, आणि त्यांच्यावरचं ते एक बटण, जे दाबलं की कोपऱ्यातला हिरवा दिवा लागतो किंवा विझतो. माप मिलिमीटरमध्ये कळवलं.

फेरेन्त्सचं उत्तर त्या रात्रीच आलं असावं, कारण सकाळी ते वाट बघत होतं. सापडलं, असं त्यानं लिहिलं होतं. दिव्याचं बटण दाबून धरलं की दिवा सारखा बदलायचा असतो. कर्नल कळफलकाला सांगतो, दिवा लाव आणि लावलास की मला कळव, आणि थांबून राहतो. कळफलकाकडे बाकीच्या बटणांचा ढीग साचलेला. तो म्हणतो, आधी हे उतरवून घे, मग कळवतो. त्यातच प्रिंटर दार ठोठावतो. कर्नल उठू शकत नाही. दोघेही एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसतात.

ताईंनी हे भर हॉलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. मग ताई म्हणाल्या, "अहो, हे तर आपलंच ऑफिस!"

आणि होतंही तसंच. बामोरच्या विहिरीशेजारी पंप बसवायची फाइल आठ महिने अडून होती. विहीरवाले पंपवाल्यांच्या शेऱ्यासाठी थांबले होते आणि पंपवाले विहीरवाल्यांच्या. रमाकांतांनी त्याच दिवशी शेरा मारला. ताईंच्या मते अक्षर गिचमिड होतं, पण त्यांनी तक्रार केली नाही.

आठवड्यानं फेरेन्त्सनं अकरा ओळींची दुरुस्ती पाठवली. तिला तिकडे ठिगळ म्हणतात हे कळल्यावर संभाजीरावांना वाईट वाटलं. सरकारी मशीनला ठिगळ? पण ताईंनी आणि रमाकांतांनी शेजारी बसून, पुस्तिकेतली एकेक ओळ वाचत, ते लावलं. गाभा नव्यानं बांधायला मशीननं सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत वेळ घेतला. दोन दहाला कर्नलसाहेबांनी खेचरांपासून पुढे सुरुवात केली. रमाकांतांनी गाल टेकला. हिरवा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता, प्रिंटर करकरत होता. शंभर पंप छापून झाले. दोनशे. पिपरौली सुखरूप गेलं. तीनशे बारावा पंप कागदावर उतरला आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

रमाकांत दचकून उठले. टाळ्या, हार आणायला पळणारा शिपाई, समोर साहेब. त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, मेरा रिटायरमेंट तो अभी सात साल है ना?"

ओटरची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा बदलांच्या यादीत एक ओळ होती : बिघाड कळवणाऱ्या कुसुम टिपणीस, ग्वाल्हेर; तपासणी रमाकांत, त्याच ऑफिसचे. रमाकांतांनी ती छापून काचेखाली ठेवली आणि ते ती आल्यागेल्याला दाखवत. तपासणी कशी केली, ते मात्र सांगत नसत.

ताईंनी पुढे निवृत्त होईपर्यंत आणि नंतर घरूनही, एकंदर एक्केचाळीस बिघाड कळवले. प्रोग्राम कसा लिहितात ते त्या कधीच शिकल्या नाहीत. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं त्यांना भाषणाला बोलावलं तेव्हा पोरांनी सभागृह भरून टाकलं होतं. सुती साडी, हातात पिशवी. त्या माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आधी तारीख घालायची. मग जे दिसलं ते लिहायचं. जे वाटलं ते वेगळ्या परिच्छेदात."

पोरं पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही नव्हतं.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, आपण पहिल्यांदा कर्नलचा कोड पाहिला, तब कैसा लगा?"

"मी कुठे पाहिलाय?" ताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या कपाटात मी कशाला डोकावू?"

मग त्यांनी घड्याळ पाहिलं, प्राचार्यांनी दिलेला नारळ पिशवीत टाकला, आणि लष्कर भागात घरी जाणारा टेम्पो चुकू नये म्हणून चहा न घेताच निघाल्या.