उंच बाजू आपली

माझ्या आईने उमेदीची सगळी वर्षं बसच्या स्टिअरिंगमागे घालवली. शहराच्या जुन्या भागातला मार्ग तिच्याकडे होता. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या आणि मधून बस जाईल न जाईल एवढीच वाट. बाकीचे ड्रायव्हर तिथे कंडक्टरला खाली उतरवून "येऊ दे, येऊ दे" करत जायचे. आई एकदा नजर टाकायची, "जातेय" म्हणायची आणि बस जायची. त्यामुळे स्वतःच्या नजरेवर तिचा भलताच विश्वास. भिंतीवरचं चित्र तिरकं आहे का, पातेल्यात दूध किती उरलंय, आलेला पाहुणा किती वेळ बसणार, सगळं ती नुसतं बघून सांगायची. चूक निघाली तर ती पातेल्याची असायची.

क्लच दाबून दाबून तिचा डावा गुडघा गेला आणि त्याला सांभाळता सांभाळता उजवाही गेला. डेपोने सक्तीच्या रजेवर घरी बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करायचंच आहे, पण आधी मांड्यांत बळ आणा. छातीभर पाण्यात चाला. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही."

शहरातल्या पोहण्याच्या तलावाचं छत गळत होतं म्हणून तो बंद. कधी उघडणार असं आईने विचारलं तेव्हा तिथला रखवालदार नुसता हसला. ही गोष्ट तिने डेपोतल्या मेकॅनिकला सांगितली, तर तो म्हणाला, "माझी पोरं मोठी झाली. त्यांचा पोहायचा पूल गॅरेजात धूळ खात पडलाय. घेऊन जा. जमिनीवरच उभा करायचा असतो, खड्डा लागत नाही. फक्त जागा सपाट पाहिजे बरं का."

"आमचं परस सपाटच आहे," आई म्हणाली.

मी नोकरीच्या गावाहून तेव्हा लांब सुट्टीवर आले होते. त्यामुळे पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघता आलं.

पूल टेम्पोतून आला. पत्र्याची एक मोठी गुंडाळी, पाइपांचा भारा आणि निळ्या जाड प्लास्टिकचं गाठोडं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग वर सरकवून ते बाहेर आले आणि म्हणाले, "आपल्याकडे नदी नाही, नाला नाही. पूल कशाला?" मग एकटेच हसले.

आईने परसातल्या आमच्या बाजूच्या मध्यावर खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि दोरीचं टोक ताणून धरून गोल फिरायला लागली. निम्मा गोलही झाला नाही तोच ती तारेच्या कुंपणावर जाऊन आदळली.

ते कुंपण म्हणजे आमच्या घरातलं न बोलायचं प्रकरण होतं. घर आजोबांचं. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात काका-काकू, आणि मागचं परस सगळ्यांचं. काका अचानक गेले. वर्षभराने काकू म्हणाली की मला इथे एकटीला राहवत नाही, माझा हिस्सा विकून बहिणीच्या गावी जाईन म्हणते. आईने सगळ्या नातेवाइकांसमोर तिला झाडलं. "हे घर आहे, हॉटेलची खोली नाही, आवडलं नाही की चालले!" काकू गेली नाही. तिने एक माणूस बोलावला, परसाच्या मधोमध तार ओढून घेतली आणि आईशी बोलणं टाकलं. माझ्याशी बोलायची, बाबांना चहाला बोलवायची. पण दोघी जावा समोरासमोर आल्या की एकीला फुलझाडं दिसायची, दुसरीला आभाळ.

"छोटा पूल बघू या का?" मी विचारलं.

"छोट्यात पोरं खेळतात. मला चालायचंय."

"मग काकूला विचारावं लागेल."

आईने दोरी गुंडाळली. आत गेली, केस विंचरले, डेपोत साहेबांना भेटायला जाताना घालायची ती चप्पल घातली आणि पुढच्या दाराने निघाली. मीही मागोमाग गेले. न जाणो, सोडवायला कोणीतरी हवं.

काकू शिवणकाम करायची. दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. आईला बघून तिने त्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. घाई अशी नाहीच.

"परसात पूल बसवायचाय," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्यांसाठी. माझ्या एकटीच्या बाजूला मावत नाही."

"तुम्ही विचारताय की सांगताय?"

आईची मान ताठ झाली. मी मनात म्हटलं, झालं. पण आई म्हणाली, "विचारतेय."

"बघते," काकू म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तार खांबांवरून सोडवून, व्यवस्थित गुंडाळून भिंतीशी ठेवलेली. निरोप माझ्याकडे आला: पाण्याचा पंप माझ्या खिडकीखाली नको, आणि कपड्यांची दोरी हलवायची नाही.

आई कामाला लागली. गुडघे वाकत नव्हते म्हणून तिने एक लाकडी खोकं पालथं घातलं, त्यावर बसली आणि आखूड दांड्याच्या फावड्याने गवत सोलायला लागली. हात पोचेल तेवढं झालं की खोकं पुढे सरकवायची, परत बसायची. बाबा ढकलगाडीने माती वाहायचे. मी दगड आणि मुळं वेचत होते, कारण एखादा अणकुचीदार खडा राहिला तरी खालचं प्लास्टिक फाटतं. दुपारी आई उठायची तेव्हा दोन्ही हातांनी गुडघे धरून क्षणभर तशीच उभी राहायची. "बस आता," असं बाबा म्हणाले की ती म्हणायची, "शेवटचा स्टॉप आलेला नाही."

गवत निघाल्यावर आईने सगळीकडे नजर टाकली. "काकूच्या बाजूला जरासं खोलगट आहे. तिथे माती टाकू, थापटू, की झालं."

काकू कपडे वाळत घालत होती. कोणाकडेही न बघता, चादरीला सांगावं तशी म्हणाली, "भर टाकलेली माती बसते."

"थापटल्यावर नाही बसत," आईने फावड्याला सांगितलं.

भर घातली, पायांनी दाबली, फळीने थापटली. वरून वाळू पसरली. पूल उभा केला. बाबांनी त्याला रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा केला होता, घड्याळजीचं काम, एक खिळाही वर आलेला नाही. नळ सोडला. संध्याकाळी पाणी मांडीपर्यंत आलं आणि आई पायऱ्यांवर बसून त्याच्याकडे अशी बघत होती की जणू तिनेच ते घागरीने वाहून आणलंय.

सकाळी मी काकूच्या ओरडण्याने जागी झाले. रात्रभर नळ चालूच होता. पाण्याच्या वजनाने भर घातलेली माती खचली होती, पूल त्या बाजूला कलला होता आणि पत्रा पोट सुटल्यासारखा फुगला होता. आम्ही पळत पोचेपर्यंत पुलाचा एक खांब निसटला आणि सगळं पाणी एका दमात काकूच्या मागच्या खोलीत शिरलं. त्याच खोलीत तिचं मशीन होतं. गिऱ्हाइकांचे कोट, अस्तरं, कापलेलं कापड, सगळं खालच्या फळीवर.

"माझं पोट आहे या खोलीवर!" काकू रडकुंडीला आली होती. "कळतंय का तुम्हाला? कोणाचं कधी ऐकूनच घ्यायचं नाही!"

आई माघारी गेली. मला वाटलं, हिला राग आला. पण ती खोकं घेऊन आली, काकूच्या खोलीत पालथं घातलं, बसली आणि फडक्याने पाणी टिपून बादलीत पिळायला लागली. तिच्या मागोमाग मी आणि बाबांनी कपडे उचलले, पिळले, बाहेर दोरीवर टाकले. काकू मशीन पुसत होती.

मग आई म्हणाली, "तू सांगितलं होतंस."

"हो."

"मी ऐकलं नाही."

"तेव्हाही सांगितलं होतं," काकू म्हणाली. तिचा हात मशीनवर थांबला होता. "हे गेल्यावर. मला इथे एकटीला राहवत नाही म्हटलं होतं. तुम्हाला 'विकते' एवढंच ऐकू गेलं."

आईने फडकं पिळलं. परत पिळलं, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तेव्हाचं जास्त."

आईच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. बाबांनी भिंग उगाचच डोळ्यावर ओढून घेतलं.

मला वाटलं होतं की आता पूल टेम्पोत बसून परत जाणार. दुसऱ्या दिवशी उठले तर आई खोक्यावर, हातात फावडं. सगळी भर उकरून काढत होती.

"परत?" मी विचारलं.

"परत नाही. नीट." ती म्हणाली. "खोलगट बाजू भरायची नसते. उंच बाजू खणायची असते. आणि उंच बाजू आपली आहे."

उंच बाजूला बाबांनी हौसेने बसवलेली फरशीची पायवाट होती आणि आईची गुलाबाची झाडं. पायवाट बाबांनी स्वतः उखडली. गुलाब आईने कुंड्यांत हलवले. एक दगावला, तेव्हा म्हणाली, "असू दे."

"पण सपाट झालं हे कळणार कसं?" बाबा म्हणाले. "नजरेने आता नको."

आईने त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि मग मान हलवली. बाबांनीच मार्ग काढला. एक लांब पारदर्शक नळी आणून त्यांनी तिच्यात पाणी भरलं. नळी कशीही वळवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. गोलाच्या कडेने खुंट्या ठोकायच्या, एक टोक मधल्या खुंटीवरच्या खुणेशी धरायचं, दुसरं कडेच्या खुंटीशी, आणि तिथे रेघ मारायची. मग रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं येईस्तोवर खणायचं.

नळीला दोन टोकं, म्हणून दोन माणसं हवीत. बाबांना उन्हात ती पाण्याची रेघ दिसेना. माझा हात हलायचा. आई दोनदा माझ्यावर खेकसली. तेवढ्यात काकू घरातून आली, गळ्यात मापाची फीत तशीच, आणि तिने माझ्या हातातलं टोक काढून घेतलं.

"कोटाची खालची कड मी जमिनीपासून मापते," ती म्हणाली. "हात हलवून चालत नाही."

"वर घे," आई मधल्या खुंटीपासून म्हणाली.

"किती?"

"थोडं. अजून. थांब! खाली. बोटभर."

"तुमचं बोट की माझं?"

"तुझं, तुझं. माझी बोटं भाकरीसारखी झालीत."

काकू हसली आणि नळीतलं पाणी डचमळलं. "बघा, तुम्ही हसवलंत. आता परत थांबा."

अशी खुंटीमागून खुंटी झाली. एवढ्या वर्षांत ज्या एकमेकींना "जरा सरका" म्हणाल्या नव्हत्या, त्या दिवसभर वर-खाली, पुढे-मागे, थांबा-सोडा करत होत्या. आईच्या बाजूची जमीन इतकी उंच निघाली की किती खणायचं ते बाबांनी मुद्दाम कोपरापर्यंतचा हात धरून दाखवलं. आईच्या नजरेला ती सगळी जमीन सपाट दिसली होती.

खणायला पुष्कळ दिवस गेले. एकदा गुडघा इतका सुजला की डॉक्टरीणबाईंनी दटावून झोपवलं. पडल्या पडल्या तिने खिडकीतून सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा काकूने बाहेरून खिडकी लावून टाकली. सूज उतरली तशी ती पुन्हा खोक्यावर. मेकॅनिकने डेपोच्या आवारातून जड धुमस आणून दिली. तिने जमीन ठोकली, पाणी मारून मुरू दिलं, पुन्हा ठोकली. प्रत्येक खांबाखाली एकेक फरशी, पायवाटेतली उखडलेलीच. वर चाळलेली वाळू, तीही फळीने साफ ओढलेली. काकूने फळीवर फीत लावून बघितली आणि एका जागी बोट दाखवलं. आईने कुरकुर न करता ती जागा परत ओढली.

या वेळी नळ कोणी रात्री चालू ठेवला नाही. घोट्याएवढं पाणी झालं की थांबायचं आणि काठ मोजायचा. गुडघ्याएवढं झालं की थांबायचं. पाणी सगळ्या बाजूंनी काठापासून सारखं होतं. छातीपर्यंत भरलं तरी पूल जागचा हलला नाही.

आईच्या मापाचा पोहायचा पोशाख दुकानात मिळेना. काकूने शिवून दिला, गडद निळा, बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. तो अंगावर बघताना आईने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "युनिफॉर्म झालाय."

"तुम्हाला युनिफॉर्मशिवाय काही शोभतही नाही, ताई," काकू म्हणाली. बऱ्याच वर्षांनी ताई म्हणाली, पण दोघींपैकी कोणीही ते ऐकल्यासारखं केलं नाही.

आई पाण्यात उतरली, कठड्याला धरून. पोहता तिला येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. ती काठाकाठाने चालायला लागली. रोज सकाळी, बसची वेळ असायची त्याच वेळेला. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या मांड्या बघून "कुठे जात होतात हो चालायला?" असं विचारलं. पुढे ती परत बसवर रुजू झाली, एक छोटा मार्ग मिळाला, आणि तिने तो निवृत्तीपर्यंत चालवला.

पण मला लक्षात राहिलंय ते त्या उन्हाळ्यातलं शेवटचं. माझी निघायची सकाळ होती, बॅग दारात होती. मागे गेले तर काकूही पाण्यात. तिने स्वतःसाठी तसाच पोशाख शिवला होता, हिरवा. गोल पुलात एकाच दिशेने बराच वेळ चाललं की सगळं पाणी फिरायला लागतं. आईने इतके फेरे मारले होते की पाण्याला ओढ आली होती आणि काकूचे पाय टेकत नव्हते. ती कठडा शोधत, ओरडत, हसत वाहत चालली होती.

"ताई, थांबवा हे!"

"थांबत नाही ते असं," आई म्हणाली. तिने काकूचा हात पकडून तिला आपल्या मागे घेतलं आणि जागच्या जागी वळली. "माझ्या पाठीला धर. आता उलटं चालायचं."

समोरून येणारं पाणी तिच्या छातीवर आदळत होतं. तिने मान खाली घातली, पाय रोवला आणि पहिलं पाऊल टाकलं.