कोरडं कुंकू

परभणीच्या औद्योगिक वसाहतीत मी आणि नवरा मिळून पाठीवरच्या फवारणी पंपाची एक डबी बनवतो. पंपातला दाब तीच धरून ठेवते. तिच्यासाठी नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन एकत्र करावं लागतं, आणि या दोघांचं मुळीच पटत नाही. नुसतं वितळवून मिसळलं की पापुद्रे सुटतात. दोघांना बांधणारे तिसरे दाणे घालून, सगळा माल भट्टीत कोरडा केला, तेव्हा कुठे डबी टणक झाली.

नव्या मालाची पहिली डबी घरच्याच शेतात वापरायची, ही आमची रीत. त्या दिवशी ती पंपात बसवून दीर गंगाखेड रस्त्यावरच्या शेतात गेले. ऊन उतरल्यावर कापूस फवारणार होते.

दुपारी मी दुसरी डबी दाबून पाहिली. ती कटकन मोडली, आत कांद्यासारखे पापुद्रे. दिरांच्या पंपातली डबी याच मालाची. पंप फुटला तर औषध थेट डोळ्यांत!

"माल ओला कसा राहिला?" मी नवऱ्यावर ओरडले.

सासूबाई दारातच होत्या. "सकाळी पूजा केली की. तांब्याभर गंगेचं पाणी शिंपडलं पोत्यात."

भट्टीत कोरडा करून काढलेल्या मालाचं पोतं! नायलॉन हवेतला ओलावासुद्धा शोषून घेतं, त्याला ही तांब्याभर गंगा.

दीर फोन उचलेनात. नवऱ्याच्या मागे गाडीवर बसले आणि सगळ्या रस्त्याला शिव्या दिल्या. बांधावरून बघते तर दीर पंप पाठीवर घेऊन दांडा मारायला लागलेले.

"भाऊजी, थांबा!"

"काय झालं वैनी? एवढं पळत का यायलात?"

मी पंप ओढून खाली घेतला, झाकण सैल करून दाब सोडला. डबीला केसाएवढी चीर पडली होती.

"आईला सांगू नका," ते म्हणाले. मी घरी पोचताच सांगितलं. मी रागात होते, आवाज चढवूनच सांगितलं. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढच्या मालाला त्यांनी पोत्याच्या बाहेरून कोरडं कुंकू लावलं. पहिली डबी पंपात बसली, तसा दिरांनी हात पुढे केला. सासूबाईंनी तो बाजूला सारला. पंपात साधं पाणी भरायला लावलं, पदर खोचला आणि पट्टे आपल्या खांद्यावर चढवले.

"आधी मी मारते. मग त्याला द्या."